पेंडीच्या काट्यावर

कुत्रा मेला की आमचं एक गिऱ्हाईक कायमचं जातं. मासा मेला की तेच गिऱ्हाईक पंधरा दिवसांत परत येतं. कुत्र्या-मांजरांचं खाणं आणि सामान विकण्याच्या या धंद्यात सचोटी म्हणजे नेमकं काय, असा मी जेव्हा जेव्हा विचार करते तेव्हा याच दोन वाक्यांपाशी येऊन अडते. जनावर जगण्यात माझा पैसा असेल तर माझा स्वार्थ आणि त्याचं भलं एकाच रस्त्याने चालतात. मरण्यात असेल, तर मी मनाने कितीही मायाळू असले तरी महिनाअखेरची वही माझ्याकडून हवं ते करून घेणार.

काचेच्या गोल भांड्याचंच घ्या. भांडं, दोन गोल्डफिश, तळाला निळे-गुलाबी खडे आणि दाण्यांची एक डबी. पोराच्या वाढदिवसाला यापेक्षा स्वस्त आणि शोभिवंत भेट नाही. पण मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर टाकतो. तो पचवणारे जिवाणू टाकीत वाढायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि त्यांना राहायला फिल्टर लागतो. तीन लिटरच्या भांड्यात यातलं काहीच नसतं. मासा स्वतःच्याच घाणीत गुदमरून मरतो. नीट सांभाळला तर हाच गोल्डफिश दहा-दहा वर्षं जगतो आणि वीतभर वाढतो, हे घेणाऱ्याला कुणी सांगत नाही. तो म्हणतो, 'मासेच ते, नाजूकच असायचे,' आणि आणखी दोन घेऊन जातो. धंदा म्हणून बघितलं तर याला तोड नाही, माल मरतो आणि मरता मरता पुढची विक्री करून जातो. आमच्याकडे म्हणून मासे नाहीत. आधी मोठी टाकी घ्या, महिनाभर ती रिकामीच चालवा, मग मासे न्यायला या, असं सांगून विकणारेही लोक आहेत, त्यांना माझा नमस्कार. मला तेवढी जागा नाही आणि तेवढा धीरही नाही.

दुकान मुळात पेंडीचं. सांगलीत गणपती पेठेलगत माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, ते चालवलं. सरकी पेंड, भुईमुगाची पेंड, गोळी पेंड, मक्याचा भरडा, गव्हाचा भुसा. मी लग्न होऊन आले तेव्हा कुत्र्याचं खाणं विकत मिळतं हीच आप्पांना चेष्टा वाटायची. 'भाकरी काय कडू झाली व्हय त्याला?' मी कोपऱ्यातल्या एका फळीवर चार पाकिटं मांडली. मग फळीचं कपाट झालं, कपाटाचं अर्धं दुकान झालं. मांजराच्या शीसाठी माती विकायला ठेवली त्या दिवशी आप्पांनी खुर्ची ओढून घेतली आणि गिऱ्हाईक खरंच पैसे देऊन माती नेतं का ते बघत बसले. ती माती बेंटोनाइटची. पाणी लागलं की फुगते आणि गोळा धरते. कच्छात ती भरपूर निघते. पहिलं पोतं संपलं तसे आप्पा म्हणाले, 'आपल्या रानात हाय का बघा ही माती.'

पण पेंडीच्या धंद्याने मला एक गोष्ट शिकवली, आणि या नव्या मालात तीच गायब आहे. पेंडवाल्याला लबाडी करता येते, फक्त ती फार दिवस पचत नाही. म्हशीची पेंड बदलली की दोन-चार दिवसांत डेअरीच्या पावतीवर दिसतं. परवापर्यंत ६.८ लागणारी फॅट ६.१ वर आली की गवळी संध्याकाळी पोतं खांद्यावर टाकून दारात हजर, आणि तो काय बोलतो ते अख्ख्या पेठेला ऐकू जातं. कुत्रा असली पावती देत नाही. खाणं निकस असेल तर केस झडतात, अंगाला खाज सुटते, शी जास्त होते. पण हे सगळं सावकाश होतं, आणि तोवर दोष हवेला, पाण्याला, शेजाऱ्यांच्या नजरेला देऊन झालेला असतो. 'पण आवडीनं खातोय की हो!' खाणारच. दाणे भाजून निघाले की त्यांच्यावर चरबी आणि वासाचं पाणी फवारतात. बशी चाटूनपुसून लख्ख झाली म्हणजे फवारा चांगला होता, एवढंच कळतं.

पावतीला फसवता येत नाही असंही नाही म्हणा. पेंडीतलं प्रोटीन मोजतात म्हणजे खरं तर तिच्यातला नायट्रोजन मोजतात. म्हणूनच पेंडीत युरिया मिसळणारे निपजले. २००७ साली अमेरिकेत कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं निकामी व्हायला लागली, तेव्हा मुळाशी हीच चलाखी निघाली. चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्ये, म्हणजे गव्हातून काढलेल्या प्रोटीनमध्ये, मेलामाइन हे प्लास्टिकसाठी वापरायचं रसायन मिसळलेलं होतं. त्यातही नायट्रोजन भरपूर, त्यामुळे कागदावर प्रोटीन चढलेलं. कोट्यवधी पाकिटं-डबे बाजारातून मागे घ्यावे लागले. मी हे वाचून दाखवलं तेव्हा आप्पांना जराही नवल वाटलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, 'तिकडं पण?'

पैसा कुठे सुटतो ते सांगते, कारण नीतीच्या गप्पा मारताना दुकानदार नेमकं हेच झाकून ठेवतात. मोठ्या कंपनीच्या पोत्यावर फारसं काही उरत नाही. पशुखाद्यावर जीएसटी शून्य, कुत्र्या-मांजराच्या पाकीटबंद खाण्यावर १८ टक्के. म्हशीचं पोट ही शेती आणि कुत्र्याचं पोट ही चैन, असा तो हिशेब. त्यात मोबाइलवर कधी कधी असा भाव दिसतो की मलाच वाटतं, घाऊक व्यापाऱ्याकडून घेण्यापेक्षा मीही तिथूनच मागवावं. लोक दुकानात येतात, पोत्याचा फोटो काढतात, 'बघतो वहिनी' म्हणून जातात. त्याचा मला राग येत नाही. महिन्याचे तीन-चारशे रुपये वाचत असतील तर मी तरी वेगळं काय केलं असतं?

त्यांना परत आणतो तो काटा. पेंडीची पोती जोखायचा जमिनीवरचा काटा आमच्याकडे होताच. एकदा एकांनी त्यावर कुत्रा चढवून बघितला, आणि तिथून ती प्रथाच पडली. कुत्र्याला पत्र्याचा गारवा आणि आवाज सोसत नाही, म्हणून वर बारदान टाकायचं, काटा शून्यावर आणायचा आणि मग त्याला वर घ्यायचं. तो धापा टाकतो, शेपूट हलवतो, आकडे नाचत राहतात. मालक 'बस, बस' करतो आणि तो बसतो काट्याच्या बाहेर. मग मी समोर उकिडवी बसून मूठ बंद करून धरते. मुठीत काय आहे याचा तो विचार करायला लागला की क्षणभर स्थिर होतो. तेवढ्यात आकडा वाचायचा.

एसटीतून निवृत्त झालेले एक काका आपल्या लॅब्राडोरला घेऊन येतात. पहिल्यांदा आले तेव्हा काट्याने ४१ दाखवले.

'काका, याला तीस-बत्तीस पुरेत.'

'काटा पेंडीचा आहे हो तुमचा.'

'पेंडीचा आहे म्हणूनच खरा, काका. जास्त दाखवला असता तर गवळ्यांनी ठेवला असता का?'

हसले. मग एकेक बाहेर यायला लागलं. सकाळच्या चहाबरोबर ग्लुकोजची बिस्किटं, कारण 'तो बघत बसतो'. दुपारी काकूंच्या हातची पोळी, रात्री नातवाच्या ताटातलं उरलेलं, आणि पोत्यातलं खाणं वेगळंच. मी त्यांना मापाचा पेला दिला आणि पाकिटावरचा तक्ता कुत्रा आज आहे त्या वजनाचा न वाचता असायला हवा त्या वजनाचा वाचायला सांगितलं. पोतं महिन्याला संपायचं ते सव्वा महिना पुरायला लागलं.

आता इथे माझं ते जगण्यात-पैसा हे सूत्र जरा तपासून बघू. कुत्र्याच्या खाण्याची एक बलाढ्य कंपनी, प्युरिना. तिनेच केलेला एक प्रयोग २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. ४८ लॅब्राडोर घेतले, त्यांच्या जोड्या लावल्या, आणि प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं आयुष्यभर दिलं. भरपेट खाणाऱ्यांचं मध्यम आयुष्य, म्हणजे निम्मी कुत्री गेली तेव्हाचं वय, ११.२ वर्षं निघालं, कमी खाणाऱ्यांचं १३. म्हणजे जवळजवळ दोन वर्षं जास्त, आणि सांधेदुखीही उशिरा. वाचून मी खूश झाले. जास्त जगणार म्हणजे जास्त वर्षं माझ्याकडे येणार. मग पाटी-पेन्सिल घेतली. रोजचे ३५० ग्रॅम धरले तर भरपेट कुत्रा जन्मभरात १४३० किलोच्या आसपास खातो. पाऊण खाणारा दोन वर्षं जास्त जगूनही १२४५ वर थांबतो. एका कुत्र्यामागे १८५ किलो तोटा! जगण्यातच पैसा आहे हे खरं, पण लठ्ठ होऊन जरा लवकर मरण्यात थोडा जास्त आहे. ही वजाबाकी आप्पांना दाखवली नाही मी. नवऱ्याला दाखवली. तो म्हणाला, 'मग पेले वाटायचे थांबवणार आहेस का?' नाही, पण वजाबाकी वजाबाकीच राहते. प्रामाणिकपणे धंदा केला की आपोआप भरभराट होते असं व्यासपीठावरून सांगणाऱ्यांनी एकदा हा हिशेब करून बघावा.

तो तोटा भरून निघतो दुसऱ्याच ठिकाणी. आमच्याकडे जत-सांगोल्याकडून कारवान कुत्री येतात. उंच, पोट आत गेलेलं, पळायला लागली की पाय जमिनीला लागतात की नाही अशी शंका यावी. या जातीची मान डोक्याहून रुंद. बाजारातला साधा पट्टा घातला की कुत्रं मागे सरकतं आणि डोकं सहज सोडवून घेतं. एक धनगर दाजी त्यांचं कुत्रं घेऊन आले.

'वैनी, ह्येला पोत्यातलं घालावं का काय? पोरगं म्हनतंय.'

कुत्रं बघितलं. केसांना तकाकी, डोळे स्वच्छ, दोनच बरगड्या दिसतायत, त्या या जातीत दिसायच्याच. विचारलं काय खातं. बाजरीची भाकरी, ताक, अंडी, आठवड्याला मटणाचं काहीबाही. 'काही घालू नका दाजी. अंडं एक वाढवा थंडीत. जंताचं औषध मात्र डॉक्टरांना विचारून वेळेवर द्या.' पोतं गेलं नाही. पट्टा गेला.

तो पट्टा आमचा. बैलांच्या म्होरक्या, कंडे, गोंडे करणारे एक कारागीर आप्पांच्या ओळखीचे. बेंदराच्या आधी त्यांना जेवायला उसंत नसते, आणि पुढे कित्येक महिने हात रिकामे. ट्रॅक्टर आल्यापासून बेंदूरही आटत चाललाय. आम्ही त्यांच्याकडून चार बोटं रुंद, आतून मऊ सुती अस्तर लावलेले, मापाचे पट्टे करून घेतो. ते त्यांचा भाव सांगतात, मी घासाघीस करत नाही, आणि तरी माझ्याही पदरात चांगलं पडतं, कारण हा पट्टा मोबाइलवर नाही. दुकानाचं भाडं नि दिव्याचं बिल पोत्यांवर निघतं. घर चालतं ते पट्टे, दावणीचे दोर, वेताच्या टोपल्या आणि गोणपाटाच्या गाद्यांवर. काट्यांचे पट्टे, ओढलं की गळ्यात रुततात ते, आम्ही ठेवत नाही. मागणारे रोज असतात. ज्याला ते हवेत त्याला मी छातीचा पट्टा घालून दाखवते. निम्मे घेतात, निम्मे दुसऱ्या दुकानात जातात.

मांजरवाल्यांशी मात्र मी दुकानदार कमी आणि घरातल्या थोरल्या जावेसारखी जास्त वागते. मांजराच्या बाबतीत एवढ्यातेवढ्यावरून जीव जातो. कॉलेजातली एक मुलगी कुत्र्याच्या गोचिडांचे मानेवर सोडायचे थेंब मागायला आली. घरच्या कुत्र्याला आणून दिले होते, चांगला गुण आला होता, आता मांजरीला पिसवा झाल्या म्हणून 'थोडेच लावते'. तिने दाखवायला आणलेल्या जुन्या डबीवर बारीक अक्षरात पर्मेथ्रीन लिहिलेलं. कुत्र्याला ते चालतं. मांजराच्या यकृतात ते निकामी करायची सोय फार तोकडी असते. अंग थरथरायला लागतं, झटके येतात, मरतंही. तापाला माणसाची पॅरासिटामॉल देणारेही भेटतात. एक गोळी मांजराला पुरते, म्हणजे संपवायला पुरते. त्या मुलीला डॉक्टरांचा पत्ता दिला. औषधं आम्ही ठेवतच नाही. औषधविक्रीचा परवाना नाही, आणि नसताना मागच्या खणातून काढून देणं मला जमत नाही. 'सगळे देतात वहिनी.' देतात.

आणि कुत्र्याचं खाणं मांजराला? स्वस्त पडतं, दिसायला सारखंच. पण टॉरिन नावाचा घटक कुत्र्याचं शरीर बहुधा आपला आपण तयार करतं, मांजराला तो मांसातूनच मिळावा लागतो. तो कमी पडला की डोळे जातात, हृदय मोठं आणि दुबळं होतं. हृदयाचा हा संबंध १९८७ मध्ये उजेडात आला, तोवर चांगल्या नावाच्या खाण्यातही टॉरिन अपुरं असायचं. पैसे कमी असतील तर उकडलेलं चिकन, काळीज, थोडी मासळी याच्या जोडीला मांजराचंच थोडं खाणं द्या, असं मी सांगते. कमी घ्या, पण बरोबर घ्या.

सुट्या खाण्याचा प्रश्न असाच नाजूक. शंभर रुपयांचं द्या म्हणणारा माणूस बहुतेकदा गल्लीतल्या भटक्या कुत्र्यांसाठी नेत असतो, त्याला पंधरा किलोचं पोतं घ्या म्हणणं निष्ठुरपणा. पण फोडलेल्या पोत्यातली चरबी हवेने खवट होते, आणि सुट्या पिशवीवर तारीख नसते. आम्ही एका वेळी एकच पोतं फोडतो, फोडल्याची तारीख खडूने डब्यावर लिहितो आणि गर्दीच्या वेळी सरळ त्या डब्यात नाक खुपसून बघतो. गिऱ्हाईक हसतं. हसू दे.

पिल्लं विकत नाही. दलाल येतात. गोड बोलतात. 'ताई, फक्त दाराशी जागा द्या, पिंजरा माझा, पिल्लू माझं, मेलं तरी माझं.' एका पिल्लामागे जे हातात पडतं ते पोत्यांवर मिळवायला महिना जावा लागतो, म्हणून नाही म्हणताना दर वेळी पोटात थोडं तुटतंच. आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला कायद्याने मनाई आहे, प्राणीविक्रीच्या दुकानाला २०१८ च्या नियमांप्रमाणे राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. पण १९६० च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आजही १० ते ५० रुपये, मग कोण कुणाला भितंय? मला भीती पार्व्होची वाटते. एक आजारी पिल्लू पिंजऱ्यात येऊन गेलं तर तो विषाणू फरशीच्या फटीत महिनोन् महिने टिकतो. मग माझ्या काट्यावर वजनाला येणारं प्रत्येक लहान पिल्लू माझ्याच दुकानातून मरण घेऊन जाणार. इथे सूत्र पुन्हा चोख जुळतं, म्हणून हा निर्णय सोपा. राघूच्या पिंजऱ्याचं अवघड आहे. आपल्याकडचा हिरवा पोपट घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा. पण पिंजरा मागायला येणारी आजी म्हणते, 'आमच्या सासूबाईंपासून राघू हाय घरात,' आणि तिच्याशी कायदा बोलताना मला कानकोंडं होतं. पिंजरा देत नाही. ती रागावते ती रागावतेच.

२०१९ चा पूर आमच्या दुकानातूनही गेला. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, त्या ऑगस्टमध्ये कृष्णा ५७ च्या वर चढली होती. खालच्या थप्प्या गेल्याच, पण वरच्या फळ्यांवरची पोती पाण्याबाहेर राहिली. बाहेरून कोरडी, सील शाबूत. पाणी ओसरल्यावर एक जण टेम्पो घेऊन आला, अर्ध्या भावात सगळं उचलतो म्हणाला. घरात तेव्हा रोख नव्हती. आप्पांनी सुरीने एक पोतं फाडलं, मूठभर दाणे काढून तळहातावर चोळले आणि टेम्पोवाल्याच्या नाकापुढे धरले. दमट. आतवर कोंदट वास. पेंडवाल्याला बुरशीचं विष पुस्तकातून शिकावं लागत नाही. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये लाखभर टर्की कोंबड्या मेल्या, आणि कारण निघालं बुरशी आलेली भुईमुगाची पेंड. ॲफ्लाटॉक्सिन हे नाव त्यातूनच पुढे आलं. कुत्र्याच्या यकृताला ते फार लवकर धरतं. सगळी पोती आम्ही खड्ड्यात घातली आणि वर चुना टाकला, कारण नुसती टाकली असती तर रात्रीत कुणीतरी उचलून नेली असती. ते वर्ष आम्ही पेंडीच्या जुन्या उधाऱ्या वसूल करत काढलं.

गेल्या आठवड्यात कंपनीचा पोरगा स्कीम घेऊन आला होता. वीस पोत्यांवर दोन फुकट. मी तारीख बघितली तर चारच महिने शिल्लक, आणि त्या मापाची माझी विक्री महिन्याला जेमतेम तीन पोती. पुढे पावसाळा. 'बारा लिही,' म्हटलं.

'बारावर स्कीम नाही वहिनी.'

'नसू दे.'

त्याने वहीत बारा लिहिलं, मग मान वर करून काट्याकडे बघितलं. तिथे ते एसटीवाले काका बारदान सारखं करत होते. '३६.२,' ते मला मोठ्याने म्हणाले.

'तुम्ही सगळ्या सांगलीची कुत्री डाएटला लावली,' पोरगा म्हणाला, 'माझं टार्गेट कुणी पुरं करायचं?'

'पट्टे घेऊन जा चार,' मी म्हटलं, 'मिरजेत खपव.' त्याने खरंच दोन नेले, आणि पैसे पुढच्या फेरीला देतो म्हणाला.